मटाराची अर्धी शेंग

बॉबिन हातातून निसटली आणि टकटक करत पलंगाखाली गेली. मी श्वास रोखून बसले. ढब्बूने कूस बदलली, अंगठा तोंडात घातला आणि पुन्हा झोपली. लेकीची ही दुपारची दीड तासाची झोप म्हणजे माझा कारखाना. तेवढ्यात शिवून होईल ते खरं.

शाळेत वेशभूषा होती. प्रत्येकाने काहीतरी खाण्याचा पदार्थ व्हायचं. जुन्या हिरव्या पडद्यातून मी मटाराची शेंग कापली होती. शेंग एक, मुली दोन. डावा भाग ढब्बूचा, उजवा वरच्या मजल्यावरच्या चिमणीचा. मध्ये पुढे सात, मागे सात टिचबटणं. बाह्या फक्त बाहेरच्या हातांना. आतले हात शेंगेच्या पोटात एकमेकींना धरून राहणार. ते मी मुद्दाम केलं होतं. ढब्बू शाळेत चिमणीखेरीज कुणाशी अक्षर बोलत नाही. हजेरीला तिच्या वतीने 'हजर'सुद्धा चिमणीच म्हणते. मागच्या वर्षी पोर स्टेजच्या पहिल्याच पायरीवरून परत फिरली होती. यंदा चिमणीचा हात धरून चढेल, एवढाच माझा बेत.

"एवढा खटाटोप कशाला?" नवरा म्हणाला. "ढब्बूला ढब्बू मिरची कर. नावही बदलायला नको."

चिमणीची आई, आमची वरची मावशी, रोज दुपारी चपला हातात घेऊन जिना उतरायची. ढब्बू उठू नये म्हणून. ती स्पंजाचे गोळे करायची, मी त्यांवर पोपटी कापड ओढून दाणे शिवायचे.

"तू नसतीस ना, तर मी कार्टीला गोणपाटात घालून बटाटा म्हणून पाठवली असती," ती म्हणायची, आणि आम्ही तोंडात ओढणी कोंबून हसायचो. लग्न होऊन या घरात आल्यापासून इतकं मी कुणाबरोबर हसले नव्हते.

एक दिवस ती म्हणाली, "चिमणीची मापं कागदावर लिहून दे गं. स्वेटर विणायला टाकायचाय." मी लिहून दिली. छाती, कंबर, मान. खांद्यापासून गुडघ्यापर्यंतचं मापही तिने मागितलं, तेव्हा वाटलं, लांब स्वेटर असेल.

शेवटचे चार दिवस ती उतरली नाही. आज डोकं दुखतंय, उद्या पाहुणे आहेत. चिमणीचा भाग इस्त्री करून मीच वर नेऊन दिला. तिने दार अर्धवट उघडून तो आत घेतला. "किती गं राबतेस," म्हणाली, माझ्याकडे न बघता.

शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये चिमणी केक होऊन आली. तीन थरांचा, गुलाबी झालरींचा, सगळं शिंप्याचं काम. शेजारी मुख्याध्यापक बाईंची नात मेणबत्ती होऊन उभी. केक चिमणीच्या अंगावर चपखल बसला होता, कुठे ओढत नव्हता, कुठे लोंबत नव्हता. बसणारच. मापं माझी होती.

"अगं, मोठ्या बाईंनीच विचारलं, नातीच्या जोडीला चिमणी द्याल का म्हणून," वरची मावशी हळूच म्हणाली. "त्यांना नाही कसं म्हणायचं?"

"कधी विचारलं?"

"झाले पंधरा दिवस. सांगणारच होते गं, पण तू इतकी रंगून गेली होतीस." मग तिने ढब्बूचा गाल ओढला. "एकटी पण छान दिसतेय की. घरगुती."

पंधरा दिवस. म्हणजे सगळं ठरल्यावरही ती चपला हातात घेऊन उतरत होती, माझ्या मशीनशेजारी बसून गोळे करत होती, हसत होती.

ढब्बूची उजवी बाजू काखेपासून खाली सताड उघडी. मी पुढची टिचबटणं मागच्यांत लावायला गेले आणि हात थांबला. तिच्या भागाला मी सगळी खोलगट तोंडं लावली होती, खुंट्या सगळ्या चिमणीच्या भागाला. ती आपापसात लागणारच नव्हती.

माइकवरून ढब्बूचं नाव पुकारलं. मी खाली वाकले, उघडी बाजू मुठीत आवळून धरली आणि तशीच वाकून तिच्यामागे चालू लागले. पायरीशी ती थांबली. उजवा हात हवेत पुढे केला, क्षणभर तसाच ठेवला, मग खाली घेतला. आणि चढली.

माइकसमोर तिने पाठ केलेलं वाक्य म्हटलं, अगदी स्पष्ट, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं.

"आम्ही दोघी एका शेंगेतल्या."

मागून कुणीतरी हसलं. "दुसरी कुणी खाल्ली काय?" मग बरेच जण हसले. मी मूठ सोडली नाही.

घरी जाताना ती रडली नाही. शेंग तशीच अंगावर, देठाची टोपी हातात. कोपऱ्यावर तिने मान वर केली.

"आई, मी बोलले ना?"

"बोललीस हो माझी राणी. सगळ्यांना ऐकू आलं."

आणखी थोडं चाललो. मग तिने माझं बोट ओढलं.

"मग सोमवारी बाकावर मी कुणाशेजारी बसू?"