उकळलेल्या बाटलीवरचं करडू

सिस्टर निवृत्त झाल्या, पण इस्पितळ काही त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. विताना दगावलेल्या शेळीचं करडू त्यांनी घरात आणलं आणि स्वयंपाकघराचा पार अतिदक्षता विभाग करून टाकला. दुधाची बाटली उकळायची, फरशीला फिनेल, आणि परसातल्या म्हाताऱ्या शेळीची सावलीसुद्धा पडू द्यायची नाही. करडू गुबगुबीत झालं. सिस्टर सगळ्यांपुढे मिरवत होत्या.

मग दूध तोडायची वेळ आली. कुंपणाजवळच्या झाडाचा तुरट पाला त्यांनी धुऊन, पुसून पुढे केला. करडाने तो खाल्ला आणि आडवंच झालं. रवंथ बंद, लेंड्या बंद, पोट टम्म.

नणंद जनावरांची डॉक्टर. ती धावत आली, पोटाला नळी लावून ऐकत बसली.

“वहिनी, आत चिटपाखरू नाही गं.”

“म्हणजे?”

“ह्या पाल्यात पॉलिफेनॉल असतात, त्यानेच तो तुरट लागतो. शेळीला एकटीला ते झेपत नाही. पोटातले जिवाणू ते फोडतात. पिल्लं मोठ्यांच्या तोंडाला तोंड लावून, गोठ्यात काहीबाही चाटून ते मिळवतात. तू कधी चाटू दिलंस?”

जन्मभर ज्या जिवाणूंच्या मागे सिस्टर हात धुऊन लागल्या होत्या, त्यांच्यावाचून हे लेकरू मरत होतं. तेही सिस्टरांच्याच मायेने. त्यांना रडू फुटलं.

“रडून काय होणार? म्हातारी रोज हाच पाला खाते. तिच्या तोंडातला रवंथाचा घास काढ. मी जबडा धरते.”

“हातमोजे घालू?”

“घाल की. पण घास उकळलास तर मी निघाले!”

सिस्टरांनी हिरवा, आंबूस, लाळेने बरबटलेला घास काढला, कोमट पाण्यात कालवला आणि श्वास रोखून करडाला पाजला. रोज पाजत राहिल्या. करडाला म्हातारीच्या गोठ्यातच ठेवलं.

एका सकाळी ते पाला खाऊन, म्हातारीला टेकून, डोळे मिटून रवंथ करत होतं. सिस्टरांनी लाडाने हाक मारली. त्याने कान हलवला, पण जागचं उठलं नाही. ते आता म्हातारीचं झालं होतं; त्यांना वाईट वाटलं, आणि जीव भांड्यातही पडला. त्या आत गेल्या आणि कपड्यांचा विचार न करता लेंड्यांतच त्याच्याशेजारी बसल्या.