हळदीकुंकवातला होकार

दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमधून गुडगावच्या नव्या सोसायटीत आल्यावर सुहासिनीचं हे पहिलंच संक्रांतीचं हळदीकुंकू. तिच्या नवऱ्याला, जयंतला, सोसायटीचं सेक्रेटरीपद मिळालं होतं आणि ते त्याच्या अंगात चांगलंच भिनलं होतं. इमारतीखालच्या तळ्याचा उरलेला तुकडा बुजवून तिथे पार्किंग करायचं घाटत होतं. "बायका जमणारच आहेत, सगळ्यांचा होकार घेऊन टाक. संध्याकाळी मातीचे ट्रक येतायत," असं तो सकाळी सहज सांगून गेला. वाण देता देता होकार घ्यायचा, म्हणजे मीटिंगची कटकट नको.

दुपारी भांडी घासायला आलेली बिमला घागरभर पाणी मागू लागली. तिचं गाव सोसायटीच्या भिंतीपलीकडेच. पण कामवाल्यांनी पाणी बाहेर नेऊ नये असा सोसायटीचा नियम होता, आणि त्यांच्यासाठी बाल्कनीत वेगळा पेला ठेवायची इथली रीत सुहासिनीनेही मुकाट्याने उचलली होती.

"आंटी जी, म्हारे नलके मैं तो इब हवा आवै सै," बिमला म्हणाली. गावच्या हातपंपातून आता नुसती हवाच येत होती. अरवलीवरून आलेलं पावसाचं पाणी पूर्वी या तळ्यात थांबायचं, जमिनीत मुरायचं, म्हणून गावच्या हातपंपाला उन्हाळ्यातही पाणी असायचं. आता ते सिमेंटवरून थेट नाल्यात पळतं, असं ती सांगत राहिली.

सुहासिनीने घागरीखाली नळ सोडला. पाण्याबरोबर बारीक वाळू आली. सोसायटीची बोअर नुकतीच आणखी खोल नेली होती, तरीही. गावाचं आटलं तसं आपलंही आटणार, एवढं साधं आपल्याला कळू नये याची तिला लाज वाटली.

बायका जमल्या, तेव्हा तिने बिमलाला बैठकीत बसवून हळदकुंकू लावलं. गप्पा थांबल्या. मग ती म्हणाली, "तळं बुजवायला माझा होकार नाही. तुम्हीही देऊ नका."

"अगं, मग गाड्या कुठे लावायच्या? पाण्याचं काय, टँकर मागवता येतो," शेजारच्या पद्मजाताई म्हणाल्या.

"टँकर कुठून भरतात, ताई?"

माना मात्र पद्मजाताईंच्याच बाजूने डोलल्या.

एवढ्यात खाली पहिल्या ट्रकने माती ओतली. सुहासिनी आणि बिमला धावत उतरल्या आणि दुसऱ्या ट्रकपुढे उभ्या राहिल्या. ट्रकांपाशी उभा असलेला जयंत दबक्या आवाजात बायकोला वर जायला विनवत होता. ती हलली नाही. ज्यांना तिने नुकतंच कुंकू लावलं होतं, त्या सगळ्या बाल्कनीतून खाली पाहत होत्या. लिफ्ट चालू होती. खाली कोणीच आलं नाही.