वगळलेल्या पोस्ट

माझे वडील, शालिग्राम, कुणाला नावाने हाक मारत नाहीत. खुणेने मारतात. एकतीस वर्षं सुरतेत पॉवरलूमवर काढली. शंभर माग एकदम खडखडत असताना नाव घेऊन उपयोग काय? मालक आला की खिशाला पेन खोचल्यासारखं करायचं, धागा तुटला की दोन बोटांची कात्री. शेजारच्या मागावरचा जोडीदार हिलाल म्हणजे उजव्या कानाची पाळी ओढायची, कारण त्याच्या कानात बाळी होती.

त्या खडखडाटात दोघांचेही कान गेले. आता सुरतेतल्याच नवागामच्या आमच्या दोन खोल्यांत बाबा गप्प बसतात आणि आम्ही मायलेकी त्यांच्यावर ओरडतो.

हिलालकाका टाळेबंदीत पायी गावाकडे निघाले. बाबांना ते गॅलरीतून दिसले, डोक्यावर बोचकं. बाबा इतके गडबडले की त्यांनी तोंडाने हाक मारली. मागावर जन्म काढलेल्याला हाक ऐकू येते होय? काका वळले नाहीत. पुढे फोनही लागेना. गाव धुळ्याकडचं कुठलंतरी. तेव्हापासून बाबा जेवता जेवता मध्येच थांबतात आणि अहिराणीत विचारतात, "गायत्री, तो पोचना व्हई का?" पोचला असेल का, म्हणून.

"एकवीस वर्षं शेजारी उभे होतात आणि साधं आडनाव विचारलं नाहीत?" मी एकदा भडकलेच.

"कसाले?" बाबा खरोखर गोंधळले. "तो तर बाजूलेच व्हता."

मी रिंग रोडच्या एका साडीवाल्याकडे कॉम्प्युटरवर बसते. लोक कुठल्या रंगाला नाकं मुरडतात हे शेठला रोज कळायला हवं असतं. त्यासाठी मी एक प्रोग्राम लिहिलाय, त्याचं नाव वेचणी. त्याला ना बटणं, ना चित्रं. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करून एंटर दाबलं की लोकांनी जगजाहीर टाकलेल्या पोस्ट तो वेचून आणतो. कुणाचं खासगी काही नाही, सगळं चव्हाट्यावरचंच.

एका रविवारी घरी मी त्याला 'हिलाल' शोधायला लावलं. खान्देशात हिंदूंमध्येही हे नाव असतं, पण हिलाल म्हणजे मुळात चंद्रकोर; ईदच्या चंद्राचे चारशे फोटो आले. मला हसू फुटलं. बाबा मात्र एकेक फोटो पडद्याला डोळे लावून बघत होते, चंद्राखाली कुणी उभं आहे का ते.

मग माझं हसू गेलं. म्हटलं, शोधण्यापेक्षा आपणच हाक मारू. बाबांना भिंतीपाशी उभं केलं आणि व्हिडिओ काढला. त्यांनी कानाची पाळी ओढली, हाताने 'इकडे ये' केलं, बस. 'सुरतेतले खान्देशी लूमवाले, यांना ओळखता का?' एवढंच लिहून सगळ्यांना दिसेल असा टाकला. तो असा काही फिरला की बोटाने उत्तरं सरकवत बसले असते तर दिवाळी आली असती. म्हणून उत्तरं वेचणीनेच गोळा करायची ठरवली.

दर रविवारी सकाळी बाबा अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या शेजारी बसायचे. 'जय खान्देश', 'काका एक नंबर', असं काय काय मी वाचून दाखवायची, ते माझे ओठ बघायचे. शेवटी मान हलवायचे आणि शर्ट काढून ठेवायचे. असं तीन महिने चाललं. आई, मालतीबाई, मला बाजूला घेऊन म्हणाली, "जाऊ दे वं. त्यास्ले आशा लाऊ नको."

गेल्या रविवारी बाबांनी पडद्याच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, 'वगळल्या : ६३'.

"हाई काय शे?"

"कचरा, बाबा. ज्यांत शब्द नाहीत त्या पोस्ट. अंगठे, फुलं." शेठच्या कामासाठी ती अट मीच घातली होती.

बाबांनी माझ्याकडे नवशिक्या कारागिराकडे बघावं तसं बघितलं. "वेस्टेज न देखता फेकी देस तू? मागमा काय बिघाड शे ते वेस्टेजमाच दिसस."

मी अट काढली आणि एंटर दाबलं. बावन्न अंगठे-फुलंच निघाली. उरलेले अकरा व्हिडिओ एकाच अकाउंटवरून आलेले, रूपाली नावाच्या मुलीच्या. दर रविवारी एक. पत्र्याच्या घरापुढे खाटेवर एक म्हातारा बसलेला, कानात बाळी. नुसते हात हलत होते. खाली एक अक्षर नाही. खुणेला खुणेनेच उत्तर द्यायचं, हे त्या माणसाला कळत होतं. मला नाही.

"पोचना," बाबा म्हणाले. ते उघड उघड रडत होते. "तेरा दिवस लागनात. पाय सुजनात, पन पोचना."

अकराव्या व्हिडिओत काकांनी हात थोडेसेच हलवले आणि मांडीवर ठेवले.

"काय म्हणाले?"

"म्हने, तू रुसना का? इतला दिन व्हयनात, बोलस नई."

अकरा रविवार तो माणूस उत्तर देत होता आणि मी ते कचरा म्हणून फेकत होते. वर बाबांच्या शेजारी बसून शहाणपणा करत होते. मला स्वतःची लाज वाटली, अजून वाटते.

रूपालीला मेसेज टाकला. ती हिलालकाकांची नात निघाली. दहा मिनिटांत तिने व्हिडिओ कॉल लावला आणि पुढची चाळीस मिनिटं घरात आवाज म्हणून नाही. आई स्वयंपाकघरातून डोकावून गेली, "फोन लागना नई का?" लागला होता की! बाबा हातवारे करून काहीतरी लांबलचक सांगत होते, मांडीवर थाप मारून हसत होते. 'आमचे बाबा फार बोलत नाहीत,' असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. बाबा चिक्कार बोलतात. आमच्या घरात ते कुणाला येत नव्हतं, एवढंच.

मध्येच बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि स्वतःच्या नाकाच्या शेंड्यावर टिचकी मारली. पलीकडे काका दचकले, दोन्ही हात गालांना लावले, हात उंच उंच नेला, 'एवढी झाली?' असा. मग त्यांनीही नाकावर टिचकी मारली आणि खदखदून हसले.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "ही कुठली खूण?"

"तू," बाबा म्हणाले. "नाकवर राग. तू जलमनी तवयपासून रोज सांगत व्हतू त्याले तुन्हं."