दहापैकी किती?

"दहापैकी तीन?" चंद्रावती मॅडमनी स्वमूल्यमापनाचा फॉर्म साळूपुढे सरकवला. "बीपी मोजण्यात तू स्वतःला तीन दिलेस. मी आठ दिलेत. आता सांग, कोण चुकतंय?"

साळू आपटा गावापलीकडच्या वाडीतून पनवेलच्या नर्सिंग कॉलेजात आलेली पहिलीच मुलगी. आईबाप वीटभट्टीवर. आजवर मार्क दुसऱ्यांनी द्यायचे नि आपण घ्यायचे, एवढंच तिला ठाऊक होतं. स्वतःला जास्त दिले तर आगाऊपणा वाटायचा, कमी दिले तर मॅडम चिडायच्या.

"मला नीट ऐकू येतं का, तेच समजत नाय, मॅडम."

"येतं. तुझा तुझ्या कानांवर विश्वास नाही, एवढंच."

पुढच्या आठवड्यात तिची ड्यूटी प्रसूती वॉर्डात लागली. उलव्याची सुरैय्या, नववा महिना, कपाळ दाबून बसली होती. साळूने तिच्या दंडाला पट्टा बांधला. एकशे साठ, एकशे दहा. केसपेपरवर तासाभरापूर्वी सिस्टरांनी लिहिलं होतं, एकशे वीस, ऐंशी. साळूने पुन्हा मोजलं. तेच. तिसऱ्यांदाही तेच.

सिस्टर कशा चुकतील? मग आपलंच चुकलं? तीन खरे की आठ? ती नुसतीच कॉटजवळ घुटमळत राहिली. अर्धा तास असाच गेला.

"दीदी, डोळ्यांपुढे अंधारी येतेय," सुरैय्या म्हणाली, तेव्हा कुठे साळू मॅडमकडे धावत सुटली.

मॅडमनी स्वतः मोजलं आणि त्यांचा चेहराच उतरला. "डॉक्टरांना बोलवा!"

संध्याकाळपर्यंत सिझेरियन झालं. सुरैय्या वाचली. मुलगी काचेच्या पेटीत होती; दोन दिवस काही सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

मॅडमनी तोच स्वमूल्यमापनाचा फॉर्म पुढे केला. साळू त्या रिकाम्या चौकटीकडे बघत राहिली.

"मोजलं बरोबर, पण सांगितलं उशिरा. मग किती द्यायचे, मॅडम?"

मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. "आज मलाही कळत नाहीये गं. आधी तू लिही. मग बोलू."

साळूला काही लिहवेना. ती बाहेर आली. नवजात बाळांच्या खोलीसमोर, बाकावर सुरैय्याची आई तसबीहचे मणी ओढत बसली होती.

"बेटा, बीपीचं तूच पकडलंस ना? अल्ला तुला सलामत ठेवो."

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"मोजलं मीच, मावशी. पण अर्धा तास कुणाला सांगितलं नाय. मला वाटलं, माझंच चुकलं."

तसबीहवरची बोटं थांबली. म्हातारीने तिच्याकडे पाहिलं. मग तिने बाकावर शेजारी ठेवलेली कपड्यांची पिशवी उचलून खाली ठेवली.

साळू क्षणभर उभीच राहिली. मग त्या जागेवर अंग चोरून बसली. दोघी बंद दाराकडे बघत राहिल्या.