सात नंबरचा गाउन

ट्रेप्टेबाईंनी दोन बोटं डॉक्टर ब्राशांच्या तोंडात घातली आणि सुटा झालेला दात जिभेखालून बाहेर काढला. दात मुळासकट आला होता. आधीच्या दोन दातांशेजारी त्यांनी तो बशीत ठेवला आणि फडकं पुन्हा पाण्यात बुडवलं.

"गिळू नका, साहेब. थुंका."

ब्राशांना थुंकता येत नव्हतं. खालचा जबडा डावीकडे सरकून तसाच अडकला होता. रक्त आणि लाळ हनुवटीवरून ओघळून पांढऱ्या गळपट्टीत मुरत होती. उजव्या हाताची तीन बोटं सुजून एकमेकांना चिकटली होती. त्या हातावर कुणीतरी बूट देऊन उभं राहिलं होतं.

साडेनऊला पाच मिनिटं होती. पंधरा मिनिटांपूर्वी तपकिरी सदऱ्यातल्या तिघांनी त्यांना मोठ्या जिन्याच्या वरच्या पायरीवरून ढकललं, आणि खाली पोचल्यावर लाथांनी तुडवलं. पहाऱ्यावरचा पोलीस खांबापाशी उभा राहून बाहेरचं ऊन पाहत होता. ट्रेप्टेबाई आवाज ऐकून बाहेर आल्या तेव्हा तिघं सिगारेट ओढायला अंगणात गेले होते. बाईंनी ब्राशांना काखेत धरून ओढत गाउनखोलीत आणलं. डोक्याखाली घ्यायला हाताला आलं ते खेचलं. तो हुकावरचा गाउन होता. कुणाचा, ते पाहायला वेळ नव्हता.

आता त्यांनी पाहिलं. हूक सात. डॉक्टर थीमे यांचा.

त्यांनी गाउन डोक्याखालून हळूच काढून घडी केलेला टॉवेल सरकवला. गाउन खिडकीपाशी नेला. किरमिजी कापडावर ताजं रक्त दिसतच नव्हतं. डावी बाही आणि खांदा फक्त जड लागत होता. टिपून, झटकून त्यांनी तो परत सात नंबरच्या हुकावर लावला.

खोलीत असे अठरा हूक होते. देशात हजारो वकील असतील, पण लाइपझिगच्या ह्या सर्वोच्च न्यायालयात दिवाणी दाव्यात उभं राहायचा, कागदावर सही करायचा अधिकार फक्त अठराजणांना होता. सगळे कायद्यातले डॉक्टर; ते दुसऱ्या कुठल्या कोर्टात जात नसत, आणि दुसरं कुणी इथे येत नसे. एकोणीस वर्षं बाई त्यांचे गाउन सांभाळत होत्या. कुणाच्या कॉलरवर केसांचं तेल असतं, कोण खिशात चीज विसरतो, हे त्यांना त्यांच्या बायकांपेक्षा जास्त माहीत होतं.

दार उघडलं. डॉक्टर लोसे आत आले. अठरांमधले वयाने सगळ्यांत लहान, चाळिशीचे. दोन पावलं टाकून थांबले.

"अरे देवा. पाणी, पाणी गरम करा, बाई. किटली आहे ना?"

"गरम नको, डॉक्टरसाहेब. गरम पाण्याने रक्त शिजतं. कापडात बसलं की कापड फाटेपर्यंत निघत नाही."

"मी जखमेचं म्हणतोय."

"जखमेलाही थंडच. मी खाटकाची मुलगी आहे."

लोसे गुडघ्यावर बसले. ब्राशांचा डावा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला.

"दहाला तुमची उलिगबाईची सुनावणी आहे ना? तुमच्या जागी मी उभा राहतो. दोन ओळी लिहून सही करा, बस. मी वाचून दाखवतो."

लीना उलिग बाहेर बाकावर बसली होती. कापडगिरणीतल्या फिरत्या दांड्याने तिचे केस ओढून घेतले होते, आणि केसांबरोबर कपाळापासून मानेपर्यंतची कातडी. दांड्यावरचं झाकण तिनेच काढून ठेवलं होतं असं गिरणी म्हणत होती. खालच्या दोन्ही कोर्टांनी ते मानलं. इथे कुणी तिच्या बाजूने बोललंच नाही, तर तेच कायमचं खरं ठरणार होतं. सकाळी ती बाईंना म्हणाली होती, "चूक माझी नव्हती, एवढं कुणीतरी लिहून द्यावं. बाकी काही वाढून येणार नाही डोक्यावर." आणि स्वतःच हसली होती.

ब्राशांनी डाव्या हाताने पेन्सिल मागितली. अक्षरं लहान मुलासारखी आली. *आज नको. ते तुम्हालाही धरतील.* मग खाली, जरा सावकाश: *समोर थीमे आहे.*

लोसेंनी ते दोनदा वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, आणि त्यांना स्वतःला त्याची लाज वाटल्यासारखं त्यांनी दुसरीकडे पाहिलं.

"हो. थीमे असतील तर मग..."

ह्या अठरांमधली एक रीत होती. ती कुठे लिहिलेली नव्हती. समोरच्या वकिलाची जागा रिकामी असेल तर त्याच्याविरुद्ध गैरहजेरीचा निकाल मागायचा नाही. वाट पाहायची, आणि नाहीच आला तर पुढची तारीख घ्यायची. दहा वर्षांपूर्वी, तेवीस साली, थीमे तारीख विसरून नदीवर मासे धरायला गेले होते. ब्राश त्या दिवशी कोर्टात तास-दीड तास वर्तमानपत्र वाचत बसले, आणि शेवटी न्यायमूर्तींना म्हणाले, माझे सहकारी आजारी असावेत. थीमे धावत आले तेव्हा गाउनच्या बाहीला खवले चिकटले होते. ते बाईंनी नखाने काढले होते. आठवडाभर सगळे थीमेंना "आजारी कार्प मासा" म्हणत होते.

लोसे उठले. जाताना म्हणाले, "गाडी बघतो. मागच्या दाराला आणतो." पण त्यांची पावलं मागच्या दाराकडे गेली नाहीत. बाईंनी ती ऐकली आणि फडकं पिळलं.

पावणेदहाला थीमे आले. उंच, नीटनेटके, दाढी नुकतीच केलेली. ब्राशांकडे पाहून त्यांनी टोपी काढली आणि ती कुठे ठेवावी हे न सुचून हातातच धरली.

ब्राशांनी कागद पुढे केला. आधीच्या ओळींखाली त्यांनी लिहून ठेवलं होतं: *पुढची तारीख घ्या. तेव्हा लोसे उभे राहतील.*

"अर्थात," थीमे म्हणाले. "हे काय लिहून द्यायची गोष्ट आहे का, ब्राश? पडून राहा तुम्ही." त्यांनी वाकून ब्राशांच्या खांद्याला हात लावला.

ब्राशांनी डोळे मिटले. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांचा श्वास जरा सावकाश झाला.

बाईंनी सात नंबरचा गाउन दोन्ही हातांनी उघडून धरला. अठराहीजणांना तसा धरायची त्यांची पद्धत होती. वकिलाने मागे हात करायचे आणि बाह्यांत शिरायचं. थीमेंनी टोपी खिडकीत ठेवली आणि डावा हात घातला.

"ओलसर लागतोय."

"मघाशी पुसला, साहेब."

ते आरशासमोर गळपट्टी बांधायला लागले. तेवढ्यात दारावर लाथ बसली.

तिघं आत आले. पुढचा कुर्ट पेट्श. बाईंच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याचा मुलगा; कायद्याची परीक्षा दोनदा नापास झालेला.

"हा इथे लपलाय होय? मावशी, तू ज्यूंची नर्स कधी झालीस?"

"कुर्ट्या, बाहेर हो. तुझ्या आईला कळलं ना..."

"आईनेच डबा बांधून दिलाय." बाकीचे दोघे हसले. "सरक."

बाई सरकल्या नाहीत. किटली स्पिरिटच्या शेगडीवर होती. त्यांनी तिच्याकडे हात नेला. कुर्टने ते पाहिलं आणि उघड्या पंजाने त्यांच्या कानावर मारलं. बाई हुकांवर आदळल्या. एक कान बंद झाला आणि आत बारीक शीळ सुरू झाली, ती थांबेना.

दुसऱ्याने ब्राशांना सरकलेल्या जबड्यालाच धरून उभं केलं. ब्राशांच्या घशातून जो आवाज आला तो बाईंनी लहानपणी वडिलांच्या दुकानामागे ऐकला होता. तिसऱ्याने गुडघा वर घेऊन त्यांच्या पोटात मारला, मग परत, मग परत, पोतं बडवावं तसा, रागाशिवाय. चष्मा खाली पडला. कुर्टने तो टाचेखाली घेतला, आणि काचेचा चुरा होईपर्यंत टाच फिरवत राहिला. मग चार नंबरच्या हुकावरून ब्राशांचा गाउन ओढून त्याने त्याला बूट पुसले.

"चोवीस वर्षं अडवून बसलाय हूक," तो म्हणाला. "आता आमच्यातलं कुणीतरी त्यावर गाउन लावेल."

आरशासमोर थीमेंची गळपट्टी बांधून झाली होती. त्यांनी ती सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.

"डॉक्टर थीमे," कुर्ट अदबीने म्हणाला. "दहा वाजत आले. आम्ही वर गॅलरीत बसतो. ऐकायला. शिकायला मिळेल काहीतरी."

थीमे आरशातूनच म्हणाले, "सुनावणी सर्वांसाठी खुली असते."

दोघांनी ब्राशांना काखेत धरून मागच्या जिन्याने नेलं. प्रत्येक पायरीवर त्यांच्या बुटांची टोकं आपटत गेली. बाईंनी नकळत मोजल्या. बावीस. मग दगडी अंगणात काहीतरी टाकल्याचा आवाज झाला.

बाई खाली धावल्या. ब्राश कुशीवर पडले होते, जिवंत होते. दूधवाल्याची हातगाडी फाटकात होती. "इस्पितळात," बाई त्याला म्हणाल्या. त्याने गणवेशवाल्यांकडे पाहिलं, मग रिकाम्या बरण्या उतरवल्या, आणि ब्राशांचे पाय उचलले.

वर येऊन बाई आयुष्यात पहिल्यांदा कोर्टाच्या दालनापर्यंत गेल्या. दार बोटभर उघडं होतं. उजवा कान शीळ घालत होता, म्हणून त्यांनी डावा फटीला लावला.

लाल झग्यांतले न्यायमूर्ती बसले होते. पुकारा झाला. डावीकडचं मेज रिकामं होतं. त्याच्यामागे लीना उलिग, डोक्याला घट्ट रुमाल, हात मांडीवर. दहा वाजले होते. मुख्य न्यायमूर्तींनी रिकाम्या मेजाकडे पाहिलं, कागद चाळले, पेन पुसलं. वाट पाहायची रीत त्यांनाही माहीत होती. गॅलरीत कुणीतरी सफरचंद खात होतं. प्रत्येक घास खालपर्यंत ऐकू येत होता.

भिंतीवरचं घड्याळ बाईंना दिसत होतं. थीमे ताठ बसले होते. एकदा त्यांनी मान वर करून गॅलरीकडे पाहिलं आणि लगेच खाली घातली.

"वादीतर्फे कुणी?" न्यायमूर्तींनी विचारलं. मग उजवीकडे वळून, जवळजवळ हळुवारपणे, "डॉक्टर थीमे? आपलं काही म्हणणं?"

पुढची तारीख, एवढे दोनच शब्द होते. बाईंचे ओठ हलले.

थीमे उठले. "वादीतर्फे कुणी हजर नाही," ते म्हणाले. आवाज स्वच्छ होता. "गैरहजेरीत अपील फेटाळावं, अशी विनंती आहे."

न्यायमूर्तींनी त्यांच्याकडे काही क्षण पाहिलं. मग लिहायला घेतलं. गॅलरीत कुणीतरी जमिनीवर बूट आपटून शाबासकी दिली.

लीना उलिगने शेजारच्या माणसाला विचारलं, "काय म्हणाले ते? झालं का?"

गाउनखोलीत बाई फरशी पुसत होत्या तेव्हा ती दारात आली. आत यावं की नाही हे तिला कळेना.

"शिपाई म्हणाला, पंधरा दिवसांत हरकत घेता येते. पण सही इथल्याच कुणाची तरी लागते म्हणे. माझे वकील कुठेत?"

"इस्पितळात."

बाईंनी ब्राशांचा कागद फरशीवरून उचलला. एक कोपरा ओला होता. मागच्या बाजूला त्यांनी डॉक्टर लोसेंचं नाव आणि घराचा पत्ता लिहिला.

"दारात अडवलं तर हलू नकोस," त्या म्हणाल्या. "पुढची बाजू डॉक्टर लोसेंना वाचायला दे."

लीनाने कागद रुमालाखाली, कानामागे खोचला. जिन्यात तिने थीमेंना वाट दिली. ते परत येत होते; दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

थीमे आत आले, आरशासमोर थांबले. खांद्यापासून कोपरापर्यंत गाउन वाळून कडक झाला होता, आणि किरमिजी कापडावर आता तपकिरी डाग पसरलेला दिसत होता, कडा काळ्या पडलेला. त्यांनी बोटाने डागाची कड खरवडून पाहिली. कुणाचं, ते त्यांनी विचारलं नाही.

"पंधरा मिनिटं थांबलो मी," ते म्हणाले.

"नऊ, साहेब. घड्याळ दिसत होतं मला."

त्यांनी गाउन स्वतःच उतरवला. बाई मदतीला पुढे झाल्या नाहीत. त्यांनी तो दोन्ही हातांवर आडवा धरला आणि बाईंकडे दिला.

"परवा सुनावणी आहे माझी. निघेल ना हे?"

"बघते, साहेब."

"तुम्हाला जमतं. ते खवले नव्हते का काढलेत तुम्ही." ते हसायला गेले. मग टोपी शोधली. ती समोरच खिडकीत होती.

त्यांची पावलं जिन्यावरून खाली जाईपर्यंत बाई उभ्या राहिल्या. दात कागदात गुंडाळून त्यांनी ॲप्रनच्या खिशात ठेवले. चार नंबरचा गाउन ब्रशने झटकून त्याच्या हुकावर लावला. घमेल्यातलं थंड पाणी मोरीत ओतलं, घमेलं विसळून पुसून कोरडं केलं, आणि सात नंबरचा गाउन डाग वर येईल असा त्यात पसरला.

मग त्यांनी शेगडीची वात मोठी केली. किटलीवर तळहात धरून पाहिला. अजून उकळी फुटली नव्हती. त्यांनी खुर्ची ओढली आणि वाट पाहत बसल्या.