पहिल्या नंबरावर शेषेराव

देवणीच्या बाजारात शेषेरावनं लांबूनच हाक मारली, "हिऱ्याऽ!" आणि चोरीला गेलेल्या त्याच्या बैलानं कान टवकारले. दावं धरून उभ्या असलेल्या दलालाच्या तोंडचं पाणी पळालं. पण चोर तो चोर, वर शिरजोर. शेषेरावनं दाव्याला हात घातला तसा तोच बोंबलला, "चोर, चोर! माझा बैल न्हेतोय!"

माणसं धावली.

"माझा बैल हाय ह्यो! मोबाइलवर बगा, लेकीनं टाकलंय!" शेषेराव ओरडला. हिऱ्या चोरीला गेल्याची खबर देणाऱ्या त्या एका पानावर त्याची सगळी भिस्त होती. नांदेडला शिकणाऱ्या उज्वलानं ते खपून केलं होतं. मथळ्यात हिऱ्याची जात 'देवणी', मग 'बैल', 'चोर', गावाचं नाव 'जळकोट', आणि खाली पोळ्याला सजवलेल्या हिऱ्याचं दावं धरलेल्या बापाचा फोटो. शोधणाऱ्याचे शब्द पानात जुळले आणि लई जणांनी ते पान उघडलं, की मशीन तेच पहिलं दाखवतं, असं तिनं बापाला समजावलं होतं. खरं-खोटं मशीन बघत नाही, हे तेवढं राहून गेलं.

एकानं टाइप केलं, 'देवणी बैल चोर'. पहिल्या नंबरावर शेषेराव. वर अक्षरं चोराची, खाली तोंड त्याचं. मजकूर वाचायला कोण मेला थांबतोय!

"ह्योच हाय! फोटो बी हाय!"

पहिली काठी खांद्यावर बसली, दुसरी तोंडावर. दोन दात रक्तासकट मातीत पडले. "खालचं वाचा की रं... खालचं..." तो म्हणत राहिला आणि लाथा बसत राहिल्या. एकानं त्याचा हात दगडावर धरला, दुसऱ्यानं वर पहार घातली. हाड काडकन मोडलं तेव्हा हे हलकट चक्क हसले. त्या गदारोळात दलालानं हिऱ्याला टेम्पोत कोंबलं.

लातूरच्या दवाखान्यात उज्वला बापाच्या पायथ्याशी रडत होती. "आप्पा, माझ्याच पानानं घात केला. पुसून टाकते मी."

पुसून काय होणार! तेच शब्द टाकले की आता सगळ्यात वर मारहाणीचा व्हिडिओ येत होता.

"दाव," शेषेराव फुटक्या ओठांनी म्हणाला.

त्यानं स्वतःला मार खाताना पाहिलं. मागं हिऱ्या टेम्पोच्या फळीवर पाय रोवून, मान त्याच्याकडं वळवून हंबरत होता. चौघे त्याला रेटत होते. शेषेरावला हुंदका आला आणि मोडक्या बरगड्यांनी त्याचा जीव कळवळला.

"एवढ्या बाजारात त्यानंच वळखलं मला. काई पुसू नको, पोरी. खाली टेम्पोचा नंबर दिसतोय. तू तरी खालचं वाच."