वास गेलेलं पाणी

“ताई, वास गेला म्हणजे पाणी सुधारलं असं नाही हं,” नळाला गाळणी बसवता बसवता प्लंबरकाकांनी बजावलं होतं. “क्लोरीन आहे तोवर पाण्याला राखण आहे. ही गाळणी तेच काढून टाकते. मग पाणी साठवायचं नाही, आणि आतली कांडी तीन महिन्यांनी बदलायची.”

बाळाची आई हसली. “काका, तुम्ही नुसती बसवा. काळजी करायला मी आहे ना घरात!”

मित्रांनो, मी तेव्हा शेजारीच ओट्यावर उभी होते. मी एक जुनी काचेची बाटली आहे. भट्टीतून निघाले तेव्हा लालभडक होते म्हणे. आधी माझ्या पोटात सरबत असायचं. ते संपल्यावर बाळाच्या आईने माझं लेबल नखाने खरवडून काढलं आणि मला पाण्यासाठी ठेवलं.

तिची काळजी खोटी नव्हती. अंघोळ झाली की बाळाची कातडी कोरडी पडायची, कोपरांच्या आत लाल चट्टे उठायचे. नळ सोडला की ब्लीचिंग पावडरचा वास नाकात जायचा. तिने मिळेल ते वाचलं आणि ठरवून टाकलं, सगळं दुखणं या वासातच आहे.

गाळणीने वास गेला. तिला इतका आनंद झाला, की खालच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या शिलाईवाल्या आजींनाही ती रोज माझ्यातून पाणी पोचवू लागली. “अगं, तुझ्या पाण्याला ना वास ना चव, नुसता थाट!” आजी चिडवायच्या, पण प्यायच्या. मी रिकामी झाले की आजी कात्रीने नळाच्या पाइपवर ठोकायच्या, टण टण. वरचा नळ थरथरायचा आणि बाळाची आई ओरडायची, “आले हो, आजी!” फार लाडाचे दिवस होते ते माझे.

कांडी बदलायची मात्र राहून गेली. मला नुसतं वरवर विसळून पुन्हा भरलं जाई. माझ्या तळाशी बुळबुळीत थर धरला. मी काचेची आहे. कुणी उजेडात धरलं असतं तर दिसलं असतं. बाळाचं पाणी तेवढं ती उकळून द्यायची, म्हणून बाळ वाचलं.

एके दिवशी बाळाच्या आईला उलट्या-जुलाब सुरू झाले. उठून बसायचीही ताकद उरली नाही. त्याच दुपारी खाली आजींचंही पोट बिघडलं. मी त्यांच्या शिलाई मशीनवर होते. भिंत धरत धरत त्या पाइपपाशी गेल्या. टण टण.

मी अर्धी भरलेली होते, मित्रांनो. त्यांना पाणी नको होतं. पण दुसरी खूण कधी ठरलीच नव्हती.

“मला वाटलं, बाटली संपली असेल,” बाळाची आई नंतर रडत सांगत होती. “म्हटलं, उद्या देऊ.”

दुसऱ्या दिवशी एकदाच वाजलं. तिसऱ्या दिवशी कात्री फरशीवर पडली होती, आणि तिच्याशेजारी आजी.

दार उघडलं तेव्हा उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणीच संपलं. तपासणीत नळाचं साधं पाणी चांगलं निघालं. घाण होती ती गाळणीत आणि माझ्या पोटात. बाळाच्या चट्ट्यांना तर कोमट पाणी, झटपट अंघोळ आणि साधं मलम पुरलं.

बाळाच्या आईने मला फेकलं नाही. मी खिडकीत रिकामी उभी असते. घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती माझ्याकडे बोट दाखवून सांगते, तेच मी तुम्हाला सांगते. गाळणीची कांडी कधी बदलली ते बघा. पण ते संध्याकाळी बघितलंत तरी चालेल. आधी तुमच्या शेजारी जे कुणी एकटं राहतं, त्यांच्या दाराशी जा. “आजी, बऱ्या आहात ना?” असं विचारा. आणि आतून उत्तर येईपर्यंत तिथून हलू नका.